जुलाबाचे मीठ आणि अर्धसेंद्रिय स्फटिक

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्समधील ला रोशेल बंदरात सेन्येत नावाच्या औषधविक्रेत्याने एक मीठ विकायला काढले. उपयोग एकच, पोट साफ करणे. कृती घराण्याने गुप्त ठेवली होती. द्राक्षमद्याच्या पिंपांत साचणारे टार्टर आणि सोडा यांपासून ते बनते, हे १७३१ मध्ये इतर फ्रेंच रसायनज्ञांनी शोधून काढले.

द्राक्षातील सेंद्रिय आम्ल आणि सोडियम-पोटॅशियम हे धातू असा हा संयोग. आजच्या परिभाषेत ‘अर्धसेंद्रिय’ स्फटिक. १८८० मध्ये पिएर व झाक क्युरी या बंधूंना दाबाखाली वीजभार दाखवणारे स्फटिक सापडले. त्यांत क्वार्ट्झ, टूर्मलीन यांच्या पंक्तीला हे जुलाबाचे मीठही होते.

खरे नवल १९२० मध्ये उघड झाले. मिनेसोटा विद्यापीठातील जोसेफ व्हॅलासेक या विद्यार्थ्याला दिसले की, विद्युतक्षेत्र वाढवत नेले तरी या स्फटिकाचे ध्रुवीकरण त्याच प्रमाणात वाढत नाही. क्षेत्र काढून घेतले तरी ते काही अंशी टिकते आणि क्षेत्र उलटवले की उलटते. लोखंडाच्या चुंबकत्वासारखीच ही स्मृती, म्हणून पुढे तिला ‘फेरोइलेक्ट्रिसिटी’ म्हटले गेले; लोखंडाचा मात्र त्यात अंशही नाही!

या शोधाचे मोल बराच काळ कुणाला जाणवले नाही, आणि दोष सर्वस्वी समकालीनांचा नव्हता. उणे १८ ते २४ अंश सेल्सिअस एवढ्याच पट्ट्यात हा गुण दिसे. स्फटिक ठिसूळ, पाण्यात विरघळणारा. त्याच्या एकेका घटकपेशीत ११२ अणू. असे दुसरे द्रव्यही ठाऊक नव्हते, त्यामुळे हा एक अपवाद समजला गेला. १९३० च्या दशकात लेनिनग्राडला इगोर कुर्चातोव्ह यांनी (पुढे सोव्हिएत अणुबॉम्बचे प्रमुख झालेले तेच) त्याचा सखोल अभ्यास केला. रशियन भाषेत अशा द्रव्यांना आजही सेन्येतच्या नावानेच ओळखतात.

१९३५ मध्ये झुरिकला बुश आणि शेरर यांना हाच गुण पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट, म्हणजे केडीपी, या साध्या रचनेच्या स्फटिकात आढळला आणि अपवाद अपवाद राहिला नाही.

प्रकाशाचा अध्याय १९६१ चा. मिशिगन विद्यापीठात पीटर फ्रँकेन आणि सहकाऱ्यांनी रुबी लेझरचा ६९४ नॅनोमीटरचा लाल किरण क्वार्ट्झमधून पाठवला. पलीकडे ३४७ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश अत्यंत क्षीण उमटला. छापील लेखात बाण दाखवतो तिथे काहीच नाही, कारण तो ठिपका छपाईत डाग समजून पुसला गेला, असे सांगतात. पुढच्याच वर्षी केडीपीमध्ये विशिष्ट कोन साधून मूळ व दुप्पट वारंवारतेचा प्रकाश एकाच वेगाने चालवता आला आणि तो क्षीण किरण प्रबळ झाला. दाबाने वीज देणाऱ्या स्फटिकांच्या रचनेत सममितीचे केंद्र नसते. वारंवारता दुप्पट करण्यासाठीही नेमकी हीच अट. विजेच्या अभ्यासकांनी जमवलेले भांडार प्रकाशाच्या अभ्यासकांना असे आयतेच मिळाले.

सेंद्रिय रेणूंचा प्रतिसाद तीव्र, पण त्यांचे स्फटिक मऊ. असेंद्रिय स्फटिक टणक, पण त्यांतील पुष्कळांचा प्रतिसाद मंद. ही तडजोड साधायला १९८० च्या दशकात चीनमधील शानडोंग विद्यापीठात एल-आर्जिनिन फॉस्फेट तयार झाले. फॉस्फेट केडीपीच्या वळणाचे, आर्जिनिन प्रथिनांतले अमिनो आम्ल. मात्र हा स्फटिक पाण्यातील द्रावणातून आठवडेच्या आठवडे वाढवावा लागतो, आणि आर्जिनिन हे सूक्ष्मजीवांचेही अन्न. स्फटिक मोठा होण्याआधीच द्रावणाला बुरशी धरते.