सूर्यकिरण नावाचे गलबत

मागच्या वेळी आम्ही विचारले होते, नवरा-बायको दोघेच कुठे फिरायला गेलात का? म्हणजे लग्नकार्य नाही, दवाखाना नाही, देवदर्शनही नाही, नुसते फिरायला. गटातल्या बायका आधी हसल्या. मग एक आजी म्हणाल्या, "गेलो होतो की, बैल विकायला." त्या उत्तरावरूनच आजचा विषय सुचला. आज आम्ही सांगणार आहोत एका जोडप्याची गोष्ट. ही दोघे स्वतःच्या गलबतातून भूमध्य समुद्रात बेटाबेटांनी हिंडली, आणि त्यातल्या बाईने ते सगळे लिहून ठेवले.

भूमध्य समुद्र म्हणजे युरोप आणि आफ्रिका यांच्या मधला समुद्र. माल्टा, सिसिली, सायप्रस ही त्यातली बेटे. उन्हाळ्यात तिकडे महिनोनमहिने पाऊस नसतो, आकाश निळेभोर असते. इंग्लंडच्या धुक्यातून आणि थंडीतून आलेल्या माणसाला ते ऊन सोन्यासारखे वाटायचे. आपल्याला उन्हाचे काय कौतुक असणार म्हणा!

बाईचे नाव अ‍ॅनी ब्रॅसी. जन्म 1839 चा, इंग्लंडातला. आई लहानपणीच गेली. 1860 मध्ये थॉमस ब्रॅसी यांच्याशी लग्न झाले. सासरे मोठे रेल्वे कंत्राटदार होते. देशोदेशी त्यांनी लोहमार्ग बांधले होते आणि पैसा अफाट होता. हे आधीच सांगितलेले बरे, कारण गलबत काही हौसेवर चालत नाही. मुळात ते मजुरांनी फोडलेल्या खडीवर उभे होते.

1874 मध्ये या जोडप्याने नवे गलबत बांधून घेतले. तीन डोलकाठ्यांचे, शिडाचे. वारा पडला तर कामी यावे म्हणून आत वाफेचे इंजिनही होते. नाव ठेवले 'सनबीम', म्हणजे सूर्यकिरण. हे नाव उन्हाळी सहलीला शोभते असे कुणालाही वाटेल. पण ते त्यांच्या लेकीचे लाडाचे नाव होते. कॉन्स्टन्स तिचे खरे नाव. 1873 मध्ये ती लहानपणीच लाल तापाने गेली. गलबताच्या अगदी पुढच्या टोकाला, कोकणातले खलाशी ज्याला नाळ म्हणतात तिथे, सोनेरी मुलामा दिलेली लाकडी बालमूर्ती बसवली होती. लाटा कापत गलबत निघाले की सगळ्यांच्या पुढे ती असायची.

आम्ही हे वाचले तेव्हा गटात थोडा वेळ कुणी बोललेच नाही. लेकरू गेल्यावर घर खायला उठते. ज्यांच्याकडे पैसा होता त्यांनी गलबत घेतले. आपल्याकडे बाई दुसऱ्या दिवशी खुरपे घेऊन रानात जाते. दोन्हींत दुःख तेच, आणि तरी दोन्ही सारखे नाही.

या गलबतातून ती दोघे 1874 मध्ये आणि पुन्हा 1878 मध्ये भूमध्य समुद्रातून पूर्वेकडे गेली. सायप्रस पाहिले आणि आज ज्याला इस्तंबूल म्हणतात ते कॉन्स्टँटिनोपलही पाहिले. मधल्या काळात, 1876 ला, चारही मुलांना घेऊन पृथ्वीप्रदक्षिणा केली. त्या फेरीला निघताना गलबतावर 43 माणसे होती. घरची आणि पाहुणे मोजकेच. बाकी खलाशी, आचारी, मुलांना सांभाळणारी दाई, बाईसाहेबांची मोलकरीण. दोघांची सहल म्हणायची, पण पहाटे डेक धुणारे आणि वादळात डोलकाठीवर चढणारे हात वेगळेच होते.

अ‍ॅनीबाईंना समुद्र लागायचा, म्हणजे बोट हलली की उलट्या. एसटीत घाटाच्या वळणावर खिडकीशी बसणाऱ्या आपल्या मैत्रिणींना हे कळेल. तरी त्या आयुष्यभर जात राहिल्या आणि लिहीत राहिल्या. आधी वडिलांना पत्रे लिहायच्या, त्यातून पुस्तके झाली. पृथ्वीप्रदक्षिणेचे पुस्तक 1878 मध्ये आले आणि घराघरांत वाचले गेले. सायप्रसच्या प्रवासाचे 1880 मध्ये आले. त्याच्या नावाचा अर्थ, पूर्वेकडचे ऊन आणि वादळ.

आता सायप्रसचे 1878 साल जरा थांबून पाहू, कारण तिथे आपलीही माणसे होती. त्या वर्षी तुर्कस्तानच्या सुलतानाने सायप्रसचा कारभार इंग्रजांच्या हाती दिला. रशियाला धाक बसावा म्हणून इंग्रज सरकारने त्याआधीच सुमारे 7,000 हिंदी सैनिक मुंबईहून माल्टाला नेले होते. त्यांत मुंबई इलाख्याच्या पलटणी होत्या, रस्ते आणि पूल बांधणारे मुंबईचे सफरमैना होते. माल्टाहून त्यांतल्या अनेकांना सायप्रसला उतरवले. ऐन उन्हाळा, तंबूंचा मुक्काम, आणि छावणीत हिवतापाची साथ. म्हणजे एकाच वर्षी, एकाच बेटावर, कुणी ऊन खायला आले आणि कुणी हुकमाने उन्हात उभे राहिले. अ‍ॅनीबाईंची पुस्तके आज मिळतात. त्या पलटणींतल्या कुणा शिपायाच्या घरी, कोकणात किंवा देशावर, बायको कशी दिवस काढत होती, ते कुणी लिहिले नाही. आम्हाला राहून राहून त्याच घराची आठवण येते.

हिवताप कशाने येतो हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हते. दलदलीच्या वाईट हवेने येतो असे समजत. त्याचा डासांशी असलेला संबंध 1897 मध्ये रोनाल्ड रॉस यांनी आपल्या सिकंदराबादेत शोधला. औषध म्हणून क्विनाइन होते. ते श्रीमंताच्या पेटीत असे, पण त्यानेही दर वेळी माणूस वाचत नसे.

अ‍ॅनीबाईंना प्रवासात या तापाने गाठले आणि तो उलटून उलटून येत राहिला. तरी एक काम त्यांनी सोडले नाही. डॉक्टर येईपर्यंत जखम कशी बांधायची, रक्त कसे थांबवायचे, हे साध्या माणसांना शिकवणारी सेंट जॉन अ‍ॅम्ब्युलन्स ही संस्था इंग्लंडात 1877 मध्ये निघाली होती. अ‍ॅनीबाई तिच्या कामाला लागल्या. जिथे गलबत नांगर टाकेल तिथे लोकांना त्याबद्दल सांगायच्या. त्यांच्या सगळ्या हिंडण्यात आम्हाला सर्वांत मोलाचे वाटले ते हे. आपल्या आशाताईही विळा लागल्यावर नाहीतर साप चावल्यावर आधी काय करायचे तेच सांगतात.

1887 च्या सुरुवातीला सनबीम मुंबईला आले. पुढे सिलोन, ब्रह्मदेश, बोर्निओ, ऑस्ट्रेलिया. ऑस्ट्रेलियाहून परतताना भर समुद्रात अ‍ॅनीबाईंना ताप चढला आणि 14 सप्टेंबर 1887 ला त्या गेल्या. वय 47. किनारा फार दूर होता. त्यांना समुद्रातच पुरले. लेकीच्या नावाच्या गलबतावरून आईला निरोप दिला.

थॉमस ब्रॅसी पुढे पुष्कळ वर्षे जगले. पहिल्या महायुद्धात सनबीमवरून जखमी आणि आजारी सैनिकांची ने-आण झाली. 1916 मध्ये त्यांनी ते गलबत त्याच कामासाठी हिंदुस्थान सरकारला देऊन टाकले. 1929 मध्ये ते मोडीत निघाले. लाकडाची ती सोनेरी बालमूर्ती तेवढी काढून ठेवली होती. ती आता लंडनमधल्या ग्रीनिचच्या संग्रहालयात आहे.