पायरीपाशी थांबलेले

पंढरपूरच्या विठ्ठल मंदिराचे महाद्वार पूर्वेला आहे, चंद्रभागेकडे तोंड करून. त्याच्या पहिल्या पायरीवर कोणी पाय देत नाही. वारकरी वाकतो, तिला हात लावतो, कपाळ टेकतो आणि ती ओलांडून वर चढतो. ही नामदेव पायरी. संतांच्या पायांची धूळ लागावी म्हणून नामदेवांनी १३५० मध्ये आपल्या कुटुंबासह इथेच समाधी घेतली, अशी संप्रदायाची श्रद्धा आहे. तिच्यासमोर, रस्त्याकडच्या बाजूला, आणखी एक समाधी आहे. ती चोखामेळ्याची. दोघेही दारातच राहिले, पण फरक मोठा आहे. नामदेवांनी पायरी मागून घेतली. चोखोबांना तिच्यापुढे कधी जाऊच दिले नाही.

मराठी घरात उंबरठा ही साधी चौकट नाही. त्यावर बसू नये, त्यावर उभे राहून काही देऊ-घेऊ नये, असे थोरले सांगत आले. नवी नवरी माप ओलांडते ती तिथेच, आणि तिन्हीसांजेला दिवा ठेवायचा तोही त्याच्याजवळच. नरसिंहाची कथा तर सगळीच या मधल्या जागेत घडते: ना दिवस ना रात्र, ना घरात ना बाहेर, ना माणूस ना पशू. १९०९ मध्ये अर्नोल्ड व्हान गेनेप या अभ्यासकाने जगभरच्या संस्कारांकडे पाहून त्यांचे तीन टप्पे सांगितले: जुन्यातून सुटणे, मधे असणे, नव्यात सामावणे. मधल्या टप्प्याला त्याने उंबरठ्याच्या लॅटिन शब्दावरून नाव दिले. पुढे व्हिक्टर टर्नर या मानववंशशास्त्रज्ञाने १९६९ च्या आपल्या पुस्तकात या टप्प्याचे मोठेपण मांडले. या अवस्थेत हुद्दे गळून पडतात, माणसे एकमेकांना नुसती माणसे म्हणून भेटतात, असे त्याचे म्हणणे. तीर्थयात्रांवर लिहिताना त्याने जो आधार घेतला, त्यात पंढरीची वारीही होती आणि इरावती कर्वे यांचा वारीवरचा लेखही.

हा लेख म्हणजे ‘वाटचाल’. १९६२ मध्ये तो इंग्रजीत गेला. इरावतीबाई दिंडीबरोबर चालल्या, अभंगांत रंगल्या, आणि पंढरीला जाणाऱ्यांचा तो महाराष्ट्र अशी नवी ओळख त्यांना त्या वाटेवर सापडली. तरीही त्यांच्या नजरेतून एक गोष्ट सुटली नाही. एकाच दिंडीतले ब्राह्मण आणि मराठे एकत्र चालत होते, एकत्र गात होते, पण जेवायला वेगवेगळे बसत होते. हे त्यांना सलत राहिले, आणि त्यांनी ते लिहूनही ठेवले. टर्नरच्या सिद्धान्तापेक्षा ही नोंद अधिक मोलाची आहे. उंबरठ्यावर भेद विरघळतात हे खरे, पण अर्धेच खरे. ज्याला उंबरठा ओलांडता येतो त्याच्यासाठी ती मधली अवस्था. ज्याला ओलांडू दिले जात नाही, त्याचा जन्मभराचा मुक्काम तिथेच पडतो.

चोखोबा मंगळवेढ्याचे, पंढरपूरपासून साधारण पंचवीस किलोमीटरवरचे. जातीने महार. गावगाड्यात महाराकडे जी कामे होती त्यांत एक वेसकराचे. सांज झाली की गावाची वेस लावायची, पहाटे उघडायची, येणाऱ्या-जाणाऱ्यावर नजर ठेवायची. गावाच्या दाराची राखण त्याच्याकडे आणि त्याचे घर मात्र गावकुसाबाहेर. ही वतनी व्यवस्था कायद्याने संपायला १९५८ साल उजाडावे लागले.

आख्यायिका सांगते की विठ्ठलाने एका रात्री चोखोबाला हाताला धरून आत नेले आणि गळ्यातला हार दिला. सकाळी त्याच्यावर चोरीचा आळ आला. त्याला चंद्रभागेपलीकडे जायला लावले, आणि तिथे त्याने देवासाठी दीपमाळ उभारली. इथे लक्षात घेण्यासारखे हे की कथेतला देव उंबरठा मानत नाही. मानतात ती माणसे. विठ्ठल स्वतःच तर दाराशी ताटकळलेला देव. पुंडलिक आईबापांच्या सेवेत होता, म्हणून त्याने फेकलेल्या विटेवर तो उभा राहिला. ज्ञानदेवांच्या हरिपाठातला पहिला अभंगही देवाच्या दाराबद्दलच आहे, गाभाऱ्याबद्दल नाही. पण विठ्ठलाच्या पायांवर डोके टेकवून दर्शन घेण्याची रीत आहे. दूरचे दर्शन वेगळे आणि पायाला लागणे वेगळे. स्पर्शाची ही ओढ होती, म्हणूनच स्पर्शाची बंदी इतकी खुपणारी होती.

मंदिरात चौऱ्याऐंशीचा शिलालेख म्हणून ओळखला जाणारा यादवकालीन लेख आहे, शके ११९५ ते ११९९ मधला, म्हणजे १२७३ ते १२७७ चा. त्यात दानशूरांची नावे कोरलेली आहेत. भाविक त्याला पाठ घासत आले, चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा चुकावा म्हणून. पैसे देणाऱ्यांची नावे आतल्या दगडावर राहिली. चोखोबांचे नाव राहिले ते अभंगांत, आणि त्यांच्या घरच्यांच्याही. त्यांची पत्नी सोयराबाई विटाळाच्या कल्पनेचा मुळापासून समाचार घेते: देहच जर विटाळातून जन्मतो, तर सोवळा देह कोणाचा? मुलगा कर्ममेळा थेट देवालाच जाब विचारतो. बहीण निर्मळा, तिचा नवरा बंका, सगळे लिहिते-गाते. एका घरात इतके कवी क्वचितच झाले असतील, आणि तेही ज्यांना अक्षराच्या जवळ फिरकू दिले जात नव्हते अशा घरात.

१३३८ मध्ये, शके १२६० ला, मंगळवेढ्यात गावकुसाचे बांधकाम चालू होते. कुसू कोसळले आणि त्याखाली बरेच मजूर गाडले गेले. त्यांत चोखोबा होते. ज्या भिंतीबाहेर त्यांना राहावे लागले, तीच बांधताना ती अंगावर आली. नामदेव मंगळवेढ्याला गेले. ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आले ती चोखोबांची, अशी ओळख पटवून त्यांनी ती पंढरपुरी आणली आणि महाद्वारासमोर समाधी बांधली, असे परंपरा सांगते. एका शिंप्याने एका महाराला देवळाच्या जितके जवळ आणता येईल तितके जवळ आणून ठेवले. त्यापुढे त्याचाही इलाज नव्हता.

पुढच्या सहा शतकांत ही समाधी दोन तऱ्हेने वाचली गेली. वारकऱ्यांना तिथे भक्तीचा विजय दिसला. विसाव्या शतकातल्या दलित चळवळीला तिथे सोसत राहण्याची शिकवण दिसली आणि ती नकोशी झाली, आणि त्यांचा नकार समजण्यासारखा आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली २ मार्च १९३० ला नाशिकच्या काळाराम मंदिरासमोर सत्याग्रह सुरू झाला. पुढे बाबासाहेबांनी देवळाचा दरवाजा ठोठावणेच सोडून दिले. तरी १९४८ मध्ये अस्पृश्यतेच्या उगमावरचा आपला ग्रंथ त्यांनी तीन संतांच्या स्मृतीला अर्पण केला: नंदनार, रविदास आणि चोखामेळा.

त्याच्या आदल्या वर्षी, १ मे १९४७ ला, साने गुरुजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले. मागणी एकच, विठ्ठलाचे दार सर्वांना उघडावे. त्याआधी काही महिने त्यांनी याच मागणीसाठी महाराष्ट्र पालथा घातला होता. दहा दिवसांनी, दार उघडायचे मान्य झाल्यावर, उपोषण सुटले.

पुढच्या वेळी पंढरपूरला गेलात तर दर्शनाच्या रांगेकडे वळण्याआधी महाद्वाराशी या. चोखोबांच्या समाधीपाशी उभे राहा आणि तिथून पायरीकडे पाहा. अंतर मोजक्याच पावलांचे आहे. चोखोबांच्या माणसांना ते पार करायला १३३८ पासून १९४७ पर्यंत, ६०९ वर्षे लागली.