मुलगा काय करतो?

लग्नाच्या बाजारात ‘मुलगा काय करतो?’ या प्रश्नातून कुणाची सुटका नाही. ही फक्त आपल्याकडच्या मामेमंडळींची मक्तेदारी आहे, असेही समजू नका. १९५७ साली अ‍ॅमस्टरडॅममध्ये एड्सगर डाइक्स्ट्रा नावाचे गृहस्थ बोहल्यावर चढायला निघाले. व्यवसायाच्या रकान्यात त्यांनी सांगितले, ‘प्रोग्रॅमर’. नगरपालिका म्हणाली, असा धंदाच नाही! शेवटी दाखल्यावर लागले ‘सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ’. म्हणजे नवरा एक आणि दाखला भलत्याचाच.

या धंद्याला अब्रू मिळवून द्यायची, हेच मग या माणसाचे आयुष्य झाले. तसा तो चमत्कारिकच. १९५६ साली भावी पत्नीबरोबर कॉफी पिताना त्याला वीस मिनिटांत रस्ता सुचला, तोही दोन गावांमधला सर्वांत जवळचा रस्ता शोधण्याच्या गणिताचा. तरीही बाईंनी लग्न मोडले नाही, याला म्हणतात धीर! १९६० साली त्याने आणि झोनेव्हेल्ड या सोबत्याने अल्गोल भाषेचा कंपायलर पुरा होईपर्यंत दाढी न करण्याचा पण केला. काम झाले, सोबत्याने दाढी उतरवली, याने मात्र जन्मभर ठेवली.

१९६२ साली तो आइंडहोव्हेनला गणिताचा प्राध्यापक झाला. त्याचा मुद्दा साधा होता. प्रोग्रॅम चालवून बघितला, की चूक असल्याचे कळू शकते. नसल्याचे कळत नाही. आता बघा, ३२ बिटांच्या दोन आकड्यांचा गुणाकार करणारे यंत्र आहे. सेकंदाला १०० कोटी जोड्या तपासल्या तरी सगळ्या संपायला सुमारे ५८५ वर्षे लागतील. शिवजन्माच्या जवळजवळ दोनशे वर्षे आधी बसलेला कारकून आत्ता कुठे उठत असता!

मग करायचे काय? सिद्ध करायचे. वाण्याची वही घ्या. खर्च अधिक शिल्लक बरोबर जमा, हे पहिल्या ओळीला खरे आणि प्रत्येक नोंदीने टिकते, एवढे दाखवले की हजारावे पान उघडायला नको. प्रोग्रॅमच्या फेऱ्यांनाही हाच न्याय.

लोक म्हणाले, एवढा सोवळेपणा कशाला? उत्तर ४ जून १९९६ रोजी आकाशातून आले. युरोपचा एरियन-५ अग्निबाण उड्डाणानंतर सुमारे ४० सेकंदांत फुटला. एरियन-४ मधला प्रोग्रॅम तसाच उचलला होता. थोरल्याचा सदरा धाकट्याला घातला. पण धाकट्याचा आडवा वेग मोठा, तो आकडा १६ बिटांत मावेना.

डाइक्स्ट्रा २००२ साली वारला. संगणकशास्त्राच्या या आचार्याने तेराशेच्या वर टिपणे लिहिली, त्यांतली बरीचशी चक्क फाउंटन पेनाने.

आता ‘मुलगा सॉफ्टवेअरमध्ये आहे’ म्हटले, की मामेमंडळी लगेच पेढे काढतात. पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही : सिद्ध करून देतो, की नुसते चालवून बघतो? विमानात आणि इस्पितळातल्या यंत्रात त्याचेच लिखाण असते. तेव्हा विचारायला हरकत नाही.