प्रकाश आणि स्वगत

बडोद्यानजीकचे पादरा १९४९ पर्यंत गायकवाडांच्या राज्यात होते. त्या राज्याने गुजरातेत मराठी वाणीस आश्रय दिला. गंधर्व नाटक मंडळीस सयाजीराव महाराजांचा वरदहस्त लाभला.

रंगभूमीवरील भाषणाचे भेद मात्र त्याहून पुरातन आहेत. संस्कृत नाट्यशास्त्राप्रमाणे सर्वांनी ऐकावयाचे ते ‘प्रकाश’. मनाशीच बोलावयाचे ते ‘स्वगत’. वळून एकासच सांगितलेले गुह्य ते ‘अपवारित’. त्रिपताक हस्ताआड, इतरांस टाळून केलेले संभाषण ते ‘जनांतिक’. आणि रंगमंचावर नसलेल्या पात्राशी बोलणे ते ‘आकाशभाषित’.

१८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी शाकुंतल मराठी संगीत रंगभूमीवर आणले. पुढे वास्तववादी नाटकाने स्वगत अस्वाभाविक ठरविले. तरी १९७० च्या ‘नटसम्राट’ने त्याची थोरवी पुन्हा पटविली.

देवळाच्या मंडपात हे सारे भेद एकटा कीर्तनकार सांभाळतो. आख्यानात तो राजा होतो, दास होतो, आणि क्षणात श्रोत्यांकडे वळून उपदेशही करतो. नाट्य व वक्तृत्व यांमधील सीमा तेथे उरत नाही.

आजच्या सभांतून मात्र सारेच भाषण ‘प्रकाश’ झाले आहे. ज्याने आधी स्वतःशी बोलून पाहिले नाही, त्याचे बोलणे श्रोत्यांच्या अंतःकरणास कसे भिडावे? वक्त्याने प्रथम स्वगत करावे, मग प्रकाश.