युनियन, फेडरेशन आणि गट

अनेकांचे एक करण्यासाठी इंग्रजी भाषेत शब्दांची रेलचेल आहे. युनियन, फेडरेशन, कन्सॉलिडेशन, फ्यूजन. शब्दकोशात हे शब्द शेजारी शेजारी नांदतात; इतिहासात मात्र ते फार दूर दूर उभे आहेत. कारण एकत्र कोण आले, कोणाच्या अटीवर आले आणि एकत्र येताना मोडले कोण, याचे उत्तर प्रत्येक शब्द वेगळे देतो. मराठीने या साऱ्यांना 'ऐक्य', 'एकी', 'एकत्रीकरण' अशा दोन-चार सोज्वळ शब्दांत बसविले आणि तो प्रश्नच गुळगुळीत करून टाकला. चोपडा तालुक्यातल्या आमच्या वस्त्यांपर्यंत हे शब्द कोणत्या वाटेने आले, ते पाहिले म्हणजे तो पुन्हा टोचू लागतो.

चोपड्याला रेल्वे नाही. पण तापी ओलांडली की अमळनेरची प्रताप मिल होती, आणि पुढे भुसावळचे रेल्वेचे कारखाने. गावकीच्या कामातून सुटू पाहणारा माणूस तिकडे जाई आणि सुटीत घरी येताना 'युनियन' हा शब्द बरोबर आणी. पण त्या युनियनमध्ये त्याची जागा कोणती होती? 12 व 13 फेब्रुवारी 1938 रोजी मनमाडला जी. आय. पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. तिच्या अध्यक्षपदावरून बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू असल्याचे सांगितले. हे वाक्य पुढे भाषणाभाषणांतून झिजले. त्यामागचा तपशील मात्र विसरला गेला. अस्पृश्य माणूस रेल्वेत गँगमन म्हणून राबू शके, पण पोर्टर होऊ शकत नसे, कारण पोर्टरकडून स्टेशनमास्तरच्या घरची कामे करून घेतली जात. गिरणीत त्याला विणकाम खात्याचे दार बंद होते. कामगारच कामगाराला दाराबाहेर ठेवीत असतील, तर त्यांच्या युनियनमध्ये एकत्र काय आले? वर्गण्या!

'फेडरेशन' हा शब्द मात्र थेट घरात आला. माझ्या लहानपणी वस्तीतली म्हातारी माणसे 'आम्ही फेडरेशनचे' असे सांगत. कुळ सांगावे तसे. त्यांतल्या बहुतेकांना इंग्रजीचे अक्षर येत नव्हते. जुलै 1942 मध्ये नागपूरला अखिल भारतीय शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशन स्थापन झाले. गंमत अशी की त्याआधी तीनच वर्षे, 29 जानेवारी 1939 रोजी, पुण्यात बाबासाहेबांनी फेडरेशनविरुद्धच व्याख्यान दिले होते. ते फेडरेशन 1935 च्या कायद्यातले होते. त्यात ब्रिटिश प्रांतांबरोबर संस्थानिकांनाही बसवायचे होते. प्रांतांतून निवडून आलेले लोक येणार आणि संस्थानांतून राजाने नेमलेले. असे एकत्र येणे त्यांना स्वातंत्र्याच्या आड येणारे वाटले. म्हणजे त्यांचे वैर शब्दाशी नव्हते, अटींशी होते.

4 नोव्हेंबर 1948 रोजी घटना समितीत मसुदा मांडताना त्यांनी हाच शब्द पुन्हा तपासला. भारताला फेडरेशन न म्हणता युनियन म्हणावे, कारण हा देश राज्यांनी आपसांत करार करून उभारलेला नाही. करार नाही, म्हणून फुटून निघण्याचा हक्कही नाही. कारभारासाठी राज्ये पाडली तरी देश अखंडच, असा त्यांचा युक्तिवाद होता. पहिल्या अनुच्छेदात आपण 'राज्यांचा संघ' असे वाचतो. पण आपल्याकडे फुटबॉलचाही संघ, भिक्खूंचाही संघ आणि राज्यांचाही संघच! त्यामुळे तो काटेकोर भेद मराठी वाचकाच्या हाती पोचलाच नाही.

हाच माणूस 1936 मध्ये 'जातिनिर्मूलना'च्या निबंधात म्हणून गेला होता की हिंदू समाज म्हणजे जातींचे साधे फेडरेशनही नाही. दंगल उसळली तरच एका जातीला दुसऱ्या जातीशी आपले काही नाते आहे असे वाटते, एरवी नाही. म्हणजे देश युनियन आणि समाज फेडरेशनसुद्धा नाही, अशी आपली अवस्था आहे. यावर त्यांनी सुचविलेला उपाय फ्यूजनचा, रक्ताच्या मिसळण्याचा, आंतरजातीय विवाहाचा होता. 1916 च्या कोलंबियातील निबंधापासून त्यांनी तो धागा सोडला नव्हता. मराठीत एकीसाठी इतके शब्द, पण या मिसळण्यासाठी परंपरेने कोणता शब्द दिला? 'संकर'. आणि तो पाप म्हणून दिला.

आता जमिनीकडे येतो, कारण आमच्याकडे 'कन्सॉलिडेशन' तिथेच भेटते. 1947 साली मुंबई सरकारने तुकडेबंदी व एकत्रीकरणाचा कायदा केला. सर्व्हे नंबर जोडून गट पडले आणि आज सातबाऱ्यावर गट नंबर दिसतो. शेती सुधारावी हा हेतू वाईट म्हणता येणार नाही. परंतु तुकडे कोणाकडे होते? महार वतनाची जमीन भावकीत आण्या-पैच्या हिश्श्यांनी वाटत गेलेली. कायद्याने ठरविलेल्या क्षेत्राहून लहान ते तुकडा, आणि तुकडा विकायचा तर लगतच्या धारकालाच. लगतचा धारक बहुधा कोण असे, हे खेड्यात राहिलेल्यांना सांगायला नको.

वतनाची बेडी तुटावी म्हणून बाबासाहेबांनी 1928 मध्ये मुंबई कायदे मंडळात बिल आणले होते. बेडी तुटली ती 1 ऑगस्ट 1959 पासून, कनिष्ठ गावकामगार वतने नष्ट करणारा कायदा अंमलात आला तेव्हा. कब्जेहक्काची रक्कम भरून जमीन परत मिळाली, पण 'नवीन व अविभाज्य शर्ती'वर. कलेक्टरच्या परवानगीविना विकायची नाही, वाटायचीही नाही. ज्यांची माणसे गावाबाहेर वेगळी ठेवली होती, त्यांची जमीन तेवढी अविभाज्य झाली.

त्याच 1959 साली दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली खानदेशात आणि मराठवाड्यात भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. माणसे हजारोंनी तुरुंगात गेली. एकीची एवढी मोठी चळवळ खानदेशाने क्वचितच पाहिली असेल, आणि ती कोणत्याही इंग्रजी शब्दावाचून उभी राहिली. पण ज्या रिपब्लिकन पक्षाचे हे बळ होते, तो 3 ऑक्टोबर 1957 रोजी नागपुरात स्थापन झाला आणि दोन वर्षे होतात न होतात तोच 'दुरुस्त' आणि 'नादुरुस्त' अशा गटांत फुटला. पुढे गटांची नावे बदलत गेली, संख्या वाढत गेली, आणि दर काही वर्षांनी 'ऐक्य' जाहीर होत राहिले.

तलाठ्याच्या दप्तरात अनेक नंबर जोडले म्हणजे गट होतो. आमच्या राजकारणात एक पक्ष मोडला म्हणजे गट होतो. चोपड्याच्या बाजारात कोणी 'तुमचा गट कोणता?' म्हणून विचारले, तर शेताचा विचारतो की पक्षाचा, हे आधी पाहावे लागते. शेताचा असेल तर कित्येकांना उत्तर देता येत नाही, कारण तो लगतच्या खात्यात केव्हाच जमा झालेला असतो.