एक थाऊची फट

1943 सालचा मार्च महिना. लॅमिंग्टन रोडच्या मागच्या गल्लीत, पत्र्याच्या शेडमध्ये तुम्ही उभे आहात. तुमचे हात आता चौदा-पंधरा वर्षांच्या पोराचे झालेत आणि नखांत काळं ऑइल बसलंय. बाहेर ट्रामची घंटा वाजते. दाराशी एका मोटारीला मागे कोळशाच्या गॅसची टाकी जोडलेली दिसते, कारण पेट्रोल रेशनवर आहे. आत 1930 सालची फोर्ड मॉडेल ए बॉनेट काढून ठेवलीय आणि तिचं इंजिन लाकडी ठोकळ्यांवर उलटं पडलंय.

गाडी गिरगावातल्या एका डॉक्टरांची. अमेरिकेत फेब्रुवारी 1942 पासून खाजगी मोटारी बनणंच बंद आहे. नवी गाडी मिळायची नाही, तेव्हा आहे हीच बांधायची.

"पोरा, बोट फिरव इथं." मिस्त्री तुमचं बोट धरून कनेक्टिंग रॉडच्या खालच्या भोकात फिरवतात. आतल्या पांढऱ्या धातूचा थर एका बाजूला झिजलाय, मधे भेग गेलीय. डॉक्टर ज्या ठकठकीची तक्रार करत होते ती इथली.

या इंजिनात ऑइल दाबाने खेळत नाही. पंप ते व्हॉल्व्हच्या कप्प्यात चढवतो, तिथून ते आपल्याच वजनाने क्रँकच्या तीन मुख्य बेअरिंगांवर उतरतं. रॉडच्या नशिबी तर नुसते शिंतोडे. फेऱ्यागणिक रॉडचं टोक खालच्या पन्हळीत बुडतं आणि वर येताना थोडं ऑइल घेऊन येतं. म्हणून धातू आणि क्रँक यांच्यात फट ठेवायची ती एक थाऊ, फार तर दीड थाऊ, म्हणजे इंचाचा हजारावा भाग किंवा त्याहून जरा जास्त. फट वाढली की ठोका सुरू होतो. कमी पडली तर ऑइलला शिरायला जागा राहत नाही, धातू तापून वितळतो.

तो धातू म्हणजे मुख्यतः कथील, त्यात थोडं अँटिमनी आणि तांबं. कथील यायचं मलायातून, आणि मलाया गेल्या वर्षी जपानने घेतला. त्यामुळे जुन्या बेअरिंगचा कपचासुद्धा डब्यात जातो. पण नुसत्या जुन्या धातूवर मिस्त्रींचा विश्वास नाही. ते कुलपातली नवी कांडी काढतात, हातात तोलतात, आणि तिचा तुकडा कढल्यात टाकतात.

तुम्ही भाता मारता. रॉड तापतो, जुना धातू टपटप गळतो. पोलाद ॲसिडने स्वच्छ होतं, मग कल्हईवाला वापरतो तोच नवसागर, त्याचा तोच घशात बसणारा धूर, आणि कथिलाचा चकचकीत हात. हा हात नीट बसला नाही तर वरचा धातू पोलादाला धरत नाही. साच्यातल्या मधल्या दांडीवर मिस्त्री रॉकेलच्या दिव्याची काजळी धरतात, म्हणजे धातू तिला चिकटणार नाही. कढल्यात ते सुकी काडी बुडवतात. काडी करपली पाहिजे, पेटता कामा नये. पेटली तर धातू जास्त तापलाय.

ओतणं क्षणभराचंच. धार मधे तुटू द्यायची नाही, नाहीतर आत दोन थर पडतात. निवल्यावर मिस्त्री एकेक रॉड तारेला टांगून हातोडीने टिचकी मारतात. तीन खणखणतात. चौथा बद्द वाजतो. दिसायला तो इतरांसारखाच आहे, पण मिस्त्री एक शब्द न बोलता तो पुन्हा भट्टीवर धरतात.

लेथवर भोक मापाच्या जवळ आणलं की हाताचं काम सुरू. क्रँकला निळा रंग पुसट लावायचा, रॉड बसवायचा, फिरवायचा, उघडायचा. जिथे निळं उमटलं तिथे धातू उंच आहे. तिधारी स्क्रेपरने तेवढाच खरवडायचा. पुन्हा निळा, पुन्हा बसवणं. तुमची पाठ भरून येते. दुपार सरते तसे निळे ठिपके वाढत जातात आणि सगळ्या पृष्ठभागावर सारखे पसरतात. मग रॉडच्या खालच्या टोपीवर पंचने खुणा होतात, पहिल्या रॉडला एक टिंब, दुसऱ्याला दोन.

फोर्डने अशा सुमारे 48 लाख गाड्या काढल्या, आणि त्या निघू शकल्या त्या एकीचा भाग दुसरीला बसत होता म्हणून. या शेडमध्ये मात्र तिसरा रॉड त्याच इंजिनाच्या दुसऱ्या जागीही चालणार नाही. कारखान्याची अचूकता यंत्रांत आणि गेजांत होती. इथे ती एका माणसाच्या बोटांत आहे, आणि मला हे काम त्याहून अवघड वाटतं.

व्हॉल्व्हची गोष्टही तीच. त्यांची फट कमीजास्त करायला या इंजिनात स्क्रू नाही. व्हॉल्व्हच्या दांडीचं टोकच घासायचं. जास्त घासलं गेलं की गेलं. मिस्त्री दगडावर दोनदा टेकवतात, फीलर गेज घालून बघतात, परत दोनदा.

इंजिन गाडीत चढतं. नवी बेअरिंगं इतकी घट्ट आहेत की स्टार्टरला ते फिरत नाही. हँडल तुमच्या हातात येतं. "अंगठा बोटांच्याच बाजूला ठेव. उलटा झटका आला तर मनगट जाईल." मिस्त्री स्टिअरिंगवरचा डावा दांडा वर सारून स्पार्क मागे घेतात. तुम्ही सगळ्या अंगाचं वजन टाकून हँडल वर ओढता. एकदा नुसता सुस्कारा. पुन्हा. मग एक, दोन, चार, तीन, या क्रमाने चारही सिलिंडर बोलू लागतात. मिस्त्री स्क्रूड्रायव्हरचं टोक ब्लॉकला आणि मूठ कानाला लावून बराच वेळ ऐकतात. ठोका नाही.

डॉक्टर संध्याकाळी येतात. पहिला प्रश्न, पुण्याला कधी नेता येईल?

"पाचशे मैल सपाटीवर चालवा, तेही हळू. मग इकडे आणा, खालचं पॅन उतरवून बेअरिंगं बघतो. लागलं तर टोपीखालची एखादी पातळ शिम काढू. तोवर बोरघाट नाही."

डॉक्टर खिशातली पेट्रोलची कुपनं काढून मोजतात. "म्हणजे दिवाळी उजाडेल, मिस्त्री."

"उजाडू दे."