गाठ कुठे सैल आहे? नव्या संगणकाच्या मंदपणाचा इतिहास

संगणकाचा इतिहास आपल्याकडे बहुतेक वेळा वेगाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. खोलीएवढे यंत्र टेबलावर आले, मग खिशात आले आणि दर दोन वर्षांनी त्याची ताकद वाढत गेली, असे ते कथन असते. त्यात खोटे काही नाही. पण या इतिहासाला दुसरी बाजू आहे. प्रत्येक पिढीत नवे कोरे यंत्र उभे राहिले आणि ते अपेक्षेपेक्षा हळू चालले. मग कुणीतरी विचारले, ‘एवढा पैसा घातला, तरी हे रखडते का?’ हा प्रश्न मुंबईच्या संशोधन संस्थेत विचारला गेला, पुण्यात विचारला गेला आणि आज तो कडेगावसारख्या तालुक्याच्या गावातही विचारला जातो.

कडेगावचे नाव महाराष्ट्राला माहीत आहे ते मोहरमच्या उंच ताबुतांमुळे. शंभर फुटांहून उंच जाणारे हे ताबूत हिंदू आणि मुसलमान मिळून उभे करतात, मिळून उचलतात आणि त्यांच्या भेटी पाहायला दूरदूरची माणसे येतात. बकरी ईदनंतर बांधणीला हात लागतो. साहित्य साधेच असते. कळक, सूत, चिकणमाती आणि कागद. कळस आधी बांधायचा आणि मजल्यामागून मजला जोडत खाली यायचे, अशी इथली रीत आहे. एवढा उंच डोलारा माणसांच्या खांद्यावर चालतो तो कळक जाड आहे म्हणून नव्हे, तर बांधणी जागच्या जागी बसली आहे म्हणून. बांधणी एका जागी सैल राहिली तर उत्तम कळकाचाही उपयोग नाही. हे या गावातल्या जाणत्या माणसाला सांगावे लागत नाही. संगणकाच्या बाबतीत मात्र आपण ते विसरतो. सुटे भाग महागाचे घेतले की वेग आपोआप येईल, असे आपण धरून चालतो.

इतिहास काय सांगतो ते आधी पाहू.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९५४च्या सुमारास आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली भारतीय बनावटीचा संगणक रचायचे काम सुरू झाले. १९५६मध्ये त्याची छोटी चाचणी आवृत्ती चालू झाली, १९६०मध्ये पूर्ण यंत्र कामाला लागले आणि १९६२मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण केले. त्याच्या स्मृतीत ४० बिटांचे २,०४८ शब्द मावत. हे काम मोठे होते, कारण करणाऱ्यांपैकी बहुतेकांनी त्याआधी संगणक बांधलेला नव्हता. पण यंत्र निर्वात नळ्यांवर चालणारे होते आणि ते बांधून होईपर्यंत जगात ट्रान्झिस्टरचे संगणक येऊ लागले होते. म्हणजे यंत्र नवे होते आणि त्याचा काळ सरत आला होता. १९६४मध्ये संस्थेत अमेरिकेहून सीडीसी ३६०० आला आणि मोठी कामे त्याच्याकडे गेली. नवेपणा बांधणीच्या तारखेवरून ठरत नाही, भाग कोणत्या पिढीचे आहेत यावरून ठरतो, हा टिफ्रॅकचा पहिला धडा. दुसरा धडा अधिक महत्त्वाचा आहे. त्याच्या मंदपणाचे खापर बांधणाऱ्यांवर फोडणे अन्यायाचे ठरले असते. त्या प्रकल्पातून जी माणसे तयार झाली, त्यांनीच पुढे देशातले संगणकशास्त्र उभे केले.

पुढचा टप्पा पुण्याचा. अमेरिकेने शक्तिशाली महासंगणक द्यायला नकार दिल्यावर १९८८मध्ये सी-डॅकची स्थापना झाली. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला. एकच प्रचंड प्रोसेसर मिळत नव्हता, म्हणून ट्रान्सप्युटर नावाचे अनेक छोटे प्रोसेसर जोडून काम वाटून घ्यायचे, ही त्यामागची कल्पना होती. इथे मंदपणाचे वेगळे रूप समोर येते. जीन अॅमडाल यांनी ते १९६७मध्येच मांडले होते. समजा एक काम दहा तासांचे आहे. त्यातले नऊ तासांचे काम वाटून घेता येते आणि एक तासाचे काम एकट्यानेच करावे लागते. मग तुम्ही हजार माणसे लावा, ते काम एका तासाच्या आत संपणार नाही. लग्नाच्या जेवणात वाढपी कितीही असले तरी देग एकच असेल, तर पंगत देगेच्या वेगाने चालते.

२००७मध्ये पुण्यातच टाटांच्या ‘एका’ या महासंगणकाने जगात चौथा क्रमांक मिळवला. त्याची कागदावरची कमाल क्षमता सुमारे १७० टेराफ्लॉप होती आणि प्रत्यक्ष चाचणीत भरली सुमारे ११८. म्हणजे जगातल्या चौथ्या क्रमांकाच्या यंत्रालाही कागदावरच्या वेगातला जवळपास तिसरा हिस्सा सोडून द्यावा लागला. आणि हा आकडा चांगला मानला गेला. खोक्यावर छापलेला वेग आणि टेबलावर मिळणारा वेग यांत अंतर असतेच. ते किती आणि कुठे आहे, हे शोधायचे असते.

हे अंतर पडते कुठे? १९४५मध्ये जॉन फॉन नॉयमन यांनी संगणकाची जी रचना मांडली, तीच आज आपल्या घरातल्या यंत्राचीही आहे. एकीकडे हिशेब करणारा प्रोसेसर, दुसरीकडे माहिती ठेवणारी स्मृती आणि मध्ये वाट. १९७७च्या आपल्या ट्युरिंग व्याख्यानात जॉन बॅकस यांनी या वाटेलाच बाटलीचा गळा म्हटले. बाटली कितीही मोठी असो, पाणी गळ्याच्या रुंदीनेच बाहेर येते.

आणि सगळे भाग एका वेगाने पुढे गेले नाहीत. १९५६मध्ये आयबीएमने पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली. तिच्या तबकड्या मिनिटाला १,२०० फेरे घेत. आज घरगुती संगणकातली चांगली हार्ड डिस्क मिनिटाला ७,२०० फेरे घेते. म्हणजे इतक्या वर्षांत सहापट. उलट १९८१च्या आयबीएम पीसीचा प्रोसेसर ४.७७ मेगाहर्ट्झचा होता आणि आजचा साधा प्रोसेसर ३ गिगाहर्ट्झचा असतो. नुसते ठोके मोजले तरी सहाशेपटीहून जास्त. आता हिशेब करू. ७,२०० फेऱ्यांच्या डिस्कला अर्धा फेरा घ्यायला साधारण ४.२ मिलिसेकंद लागतात. तेवढ्या वेळात ३ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचे सव्वा कोटी ठोके पडून जातात. डिस्कने एक चिठ्ठी शोधून द्यावी म्हणून प्रोसेसर सव्वा कोटी ठोके हात बांधून उभा राहतो. आणि विंडोज सुरू होताना अशा हजारो चिठ्ठ्या मागितल्या जातात.

हा इतिहास माझ्या फुफीच्या घरी, कडेगावात, मला नव्याने दिसला. घरातल्या मुलीची बारावी आणि पुढची प्रवेश परीक्षा. सराव परीक्षा संगणकावर द्यायच्या असतात, म्हणून वर्षभर पैसे साठवून भाग मागवले गेले. मोहल्ल्यातल्याच एका पोराने ते जोडून दिले. यंत्र चालू झाले, पण सुरू व्हायला चार-पाच मिनिटे, एक पान उघडायला अर्धा मिनिट. आठवड्याच्या आत घरात निकाल लागला होता की पोराने जुना माल घातला. शेजारी म्हणाले, व्होल्टेज कमी आहे. आणखी कुणी म्हणाले, व्हायरस आहे. त्या पोराकडे येणारी दोन गिऱ्हाइके तेवढ्यात दुसरीकडे वळली.

मोजून मात्र कुणी पाहिले नव्हते. शेवटी त्या पोरालाच बोलावले आणि त्याने सगळ्यांसमोर टास्क मॅनेजर उघडला. प्रोसेसर पाच-सात टक्के, रॅम निम्मी रिकामी आणि डिस्क मात्र सतत शंभर टक्के. गळा सापडला. जुन्या संगणकातली हार्ड डिस्क घरच्यांनीच आग्रहाने लावायला सांगितली होती, तिच्यात फोटो होते म्हणून. यंत्र जुन्या डिस्कवरच्या जुन्याच विंडोजवरून सुरू होत होते. नवी एसएसडी आत होती, पण ती रिकामी पडून होती. पोराची चूकही एक निघाली. रॅमच्या दोन पट्ट्या त्याने शेजारी-शेजारी बसवल्या होत्या, त्यामुळे दोन वाटांऐवजी एकाच वाटेने ये-जा चालली होती. ती त्याने तिथेच मान्य केली. विंडोज एसएसडीवर नव्याने घातले, पट्ट्या योग्य खाचांत गेल्या, जुनी डिस्क फोटोंपुरती राहिली. यंत्र अर्ध्या मिनिटाच्या आत सुरू होऊ लागले. एकही भाग बदलावा लागला नाही.

ज्यांच्या घरी असे यंत्र आहे त्यांच्यासाठी तपासण्याचा क्रम इथे देतो. नवव्या शतकात बगदादमध्ये काम करणाऱ्या अल-ख्वारिझ्मी यांच्या नावावरूनच ‘अल्गोरिदम’ हा शब्द आला. एका वेळी एक पायरी, ठरलेल्या क्रमाने. दोष शोधतानाही तेच करायचे.

पहिल्यांदा मंदपणा नेमका कशात आहे ते ठरवा. सुरू होताना, फाइल उघडताना की फक्त खेळ आणि व्हिडिओत? नवे विंडोज पहिल्या दिवशी अपडेट उतरवते आणि फाइलींची सूची करते, तेव्हा ते काम एकदा पूर्ण होऊ द्या. मग टास्क मॅनेजरमध्ये पाहा, शंभर टक्क्यांवर कोण आहे.

डिस्क असेल तर विंडोज कशावर आहे ते बघा. रॅम भरलेली असेल तर ती कमी पडते आहे. पट्ट्या दोन असतील आणि खाचा चार, तर बहुतेक मदरबोर्डांवर प्रोसेसरपासून दुसरी आणि चौथी खाच वापरायची असते. मदरबोर्डच्या पुस्तिकेत तसे चित्र असते. ३२०० लिहिलेली डीडीआर-४ पट्टीही बायोसमध्ये एक्सएमपी चालू केल्याशिवाय बहुधा २१३३ किंवा २४००वरच चालते. ती फसवणूक नसते. कोणत्याही बोर्डावर यंत्र निदान सुरू व्हावे म्हणून ठेवलेला तो सावध वेग असतो.

खेळ आणि व्हिडिओच रखडत असतील तर यंत्राच्या मागे जाऊन पाहा. मॉनिटरची वायर ग्राफिक्स कार्डात आहे की मदरबोर्डात? मदरबोर्डात असेल तर महागाचे कार्ड आत स्वस्थ बसलेले असते. पहिली दहा मिनिटे ठीक आणि मग मंद, असे होत असेल तर तापमान बघा. प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या आसपास गेला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. कूलरखालची प्लॅस्टिकची पातळ फिल्म काढायची राहून गेली, हे कारण विनोदी वाटेल, पण ते अनेकदा निघते. आणि व्होल्टेजचे म्हणाल, तर कमी दाबाने संगणक हळू चालत नाही. तो बंद पडतो किंवा पुन्हा सुरू होतो. एका वेळी एकच बदल करा आणि पुन्हा मोजा. चार गोष्टी एकदम बदलल्या तर यंत्र सुधारेल, पण दोष कशात होता ते कळणार नाही.

या सगळ्याला एक सामाजिक बाजूही आहे. सच्चर समितीच्या २००६च्या अहवालाने दाखवून दिले की मुस्लिम समाजात स्वयंरोजगारावर जगणाऱ्यांचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त आहे. गॅरेज, वायरिंग, मोबाइल दुरुस्ती, संगणक जोडणी ही हातांची कामे आहेत आणि ती विश्वासावर चालतात. अशा कारागिराकडे मोठ्या कंपनीसारखे ग्राहक सेवा केंद्र नसते, वकील नसतो. त्याचे भांडवल म्हणजे गावातले त्याचे नाव. ‘त्याने जुना माल घातला’ हे वाक्य बोलायला दोन सेकंद लागतात आणि ते पुसायला त्याला वर्षे लागतात. तपासल्यावर कारागीर दोषी निघू शकतो, तेव्हा त्याला जाब जरूर विचारावा. पण तपासाआधी दिलेला निकाल हा न्याय नव्हे. आपल्या समाजाबद्दल लोक चौकशीआधी मत बनवतात, याची तक्रार आपण नेहमी करतो. मग आपल्याच मोहल्ल्यातल्या पोराबाबत आपण तेच करावे, हे शोभत नाही.

फुफीच्या घरी आता सराव परीक्षा वेळेत होतात. त्या पोराला पट्ट्यांची चूक कळली, ती पुढच्या प्रत्येक यंत्रात तो टाळेल. टिफ्रॅक बांधणारी माणसे अशाच चुका करत, मोजत आणि सुधारत शिकली. त्यांना ती मुभा मिळाली, म्हणून देशाला संगणकशास्त्र मिळाले. गावातल्या कारागिराला ती मुभा द्यायची की नाही, हे आपल्या हातात आहे.